विश्लेषण : परतलेल्या ‘उधळ्या पुत्रा’ला घरात घेताना थोरल्या भावाच्या रागाचे काय?

घर सोडून गेलेला मुलगा, भाऊ किंवा नवरा काही वर्षांनी परत येतो. ‘चुकलो’ म्हणतो. आईचे डोळे भरून येतात, वडील गप्प बसतात आणि इतकी वर्षे घर सांभाळणारा भाऊ किंवा बहीण उठून बाहेर निघून जाते. असा प्रसंग कोणत्याही धर्माच्या घरात येऊ शकतो. ख्रिस्ती घरात मात्र त्याला आणखी एक पदर असतो. ‘क्षमा करा’ ही शिकवण दर रविवारी कानावर पडलेली असते. त्यामुळे राग आला तरी तो बोलून दाखवण्याची चोरी होते.

मग ख्रिस्ती शिकवण नेमके काय सांगते? आलेल्याला लगेच मिठी मारायची का? झालेल्या नुकसानीचा हिशेब मागायचा नाही का? आणि ज्याने सगळे सोसले, त्याच्या रागाला काही जागा आहे की नाही? या प्रश्नांची उत्तरे वाटतात तितकी एकतर्फी नाहीत.

वऱ्हाडात हा प्रश्न का?

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही थोडी कमी आहे. तिचा मोठा भाग मुंबई, वसई, पुणे, नगर या पट्ट्यात आहे. वऱ्हाडात ही वस्ती विरळ, पण जुनी आहे. अमरावती येथे कॅथलिक धर्मप्रांताची स्थापना १९५५ मध्ये झाली. यवतमाळला फ्री मेथडिस्ट मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. पुढे १९५३ मध्ये तिथेच ‘युनियन बिब्लिकल सेमिनरी’ हे पाळकांना शिक्षण देणारे विद्यालय उभे राहिले. ते १९८३ मध्ये पुण्याला हलले.

या साऱ्या वाटेवरचे एक ठिकाण म्हणजे अमरावती जिल्ह्यातले धामणगाव रेल्वे. मुंबई-नागपूर-हावडा लोहमार्गावरचे हे स्थानक पूर्वीपासून यवतमाळला जाणाऱ्यांचे उतरण्याचे ठिकाण. यवतमाळ इथून सुमारे ४५ किलोमीटर. कापसाच्या गाठी इथून बाहेर गेल्या, तशी माणसेही मुंबई, पुणे, नागपूर, सुरतेकडे गेली. बहुतेकांनी घरी पैसे पाठवले. काहींनी पाठवले नाहीत. काही व्यसनात अडकले, काही कर्ज करून गेले. मागे राहिलेल्यांनी वावर कसले, म्हाताऱ्यांची दवाखान्याची वारी केली, सावकाराची बोलणी खाल्ली. म्हणून गेलेला परत येतो तेव्हा प्रश्न केवळ भावनेचा नसतो. तो वावराचा, पैशाचा आणि वाया गेलेल्या वर्षांचाही असतो.

दाखल्यात नेमके काय घडते?

या विषयावर ख्रिस्ती मंडळींत सर्वांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे ‘उधळ्या पुत्राचा दाखला’. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशूने ती सांगितली आहे. प्रसंगही लक्षात घेण्यासारखा आहे. येशू जकातदार आणि ‘पापी’ समजल्या जाणाऱ्या लोकांबरोबर जेवतो, म्हणून धर्मातले जाणते लोक कुरकुर करत होते. म्हणजे गोष्ट सुरू होण्याआधीच ‘याला पंगतीला का घेतले’ ही तक्रार समोर होती.

गोष्ट अशी : एका माणसाला दोन मुलगे असतात. धाकटा वडील जिवंत असतानाच आपला वाटा मागतो. वडील संपत्ती वाटून देतात. धाकटा दूर देशी जाऊन सारे उडवतो. दुष्काळ पडतो आणि तो डुकरे राखण्याच्या कामाला लागतो. डुकरांच्या पुढ्यातल्या शेंगांनी पोट भरावे, इतकी त्याची उपासमार होते. यहुदी ऐकणाऱ्यांसाठी याहून खालची पायरी नव्हती. मग तो भानावर येतो आणि ‘मुलगा म्हणून नको, मजूर म्हणून ठेवा’ असे म्हणायचे ठरवून घराकडे निघतो. वडील त्याला दुरूनच पाहतात, धावत जाऊन गळ्यात पडतात. अंगावर चांगला झगा, बोटात अंगठी, पायात जोडा आणि घरात मेजवानी.

बरेच जण गोष्ट इथेच थांबवतात. पण ती इथे संपत नाही. थोरला मुलगा शेतातून येतो, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो आणि काय चालले आहे ते नोकराला विचारतो. कारण कळल्यावर तो घरात पाऊल टाकायला नकार देतो. त्याची तक्रार वऱ्हाडीत सांगायची तर काहीशी अशी : ‘इतके वर्स वावरात मी राबलो, मले कधी बकरीचं पिल्लू भेटलं नाही, अन् यानं सारं उडवलं त याच्यासाठी पंगत!’

थोरल्याचा राग खोटा होता का?

प्रवचनांत थोरला भाऊ बहुतेक वेळा खडूस, हेवेखोर म्हणून येतो. गोष्टीतला हिशेब मांडला तर चित्र वेगळे दिसते.

जुन्या करारातील नियमशास्त्रानुसार थोरल्या मुलाला दुप्पट वाटा मिळे. म्हणजे दोन भाऊ असतील तर थोरल्याचे दोन भाग आणि धाकट्याचा एक. या गोष्टीत वाटणी झालेली आहे. धाकट्याने आपला हिस्सा विकून संपवला आहे. घरात जे काही उरले आहे, ते पुढे थोरल्याचेच. वडीलही त्याला तेच सांगतात की, माझे जे आहे ते सारे तुझेच आहे. याचा अर्थ, मेजवानीसाठी कापलेले पोसलेले वासरू एका अर्थी थोरल्याच्याच हिश्श्यातले होते. आणि ते कापताना त्याला कुणी विचारले नव्हते. शेतातून बोलावणेही गेले नव्हते. घरात इतकी मोठी गोष्ट घडली, ती त्याला नोकराच्या तोंडून कळली.

राबणाऱ्याला गृहीत धरणे ही घराघरातली गोष्ट आहे. थोरल्याचा राग त्यातून येतो. तो साराच अन्यायाचा नाही.

पण दाखल्यात दोन बारीक गोष्टी आहेत. पहिली, वडील या मुलासाठीही घराबाहेर येतात. धाकट्यासाठी धावत गेलेला बाप थोरल्यासाठी भरल्या पंगतीतून उठतो. यजमानाने पाहुण्यांना सोडून असे बाहेर येणे त्या समाजात कमीपणाचे होते. तो मुलाला दटावत नाही, आज्ञा देत नाही, समजूत घालतो. दुसरी, थोरला रागात धाकट्याला ‘भाऊ’ म्हणत नाही. ‘हा तुमचा मुलगा’ असे म्हणतो. वडील उत्तर देताना ते नाते हळूच बदलतात आणि ‘हा तुझा भाऊ’ म्हणतात. तक्रार खोडून काढली जात नाही. नाते तेवढे परत जागेवर ठेवले जाते.

आणि तिसरी गोष्ट बापाच्या न बोललेल्या निर्णयात आहे. अंगठी आणि झगा मिळाला म्हणून धाकट्याला पुन्हा वाटा मिळाला, असे गोष्टीत कुठेही नाही. झालेली वाटणी झालीच. घरात घेणे आणि हिशेब पुसून टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथेच दिसते.

पश्चात्ताप खरा की वेळ मारून नेणे?

मराठीतल्या ‘पश्चात्ताप’ या शब्दात नंतर होणारा ताप आहे. नव्या कराराच्या ग्रीक भाषेतला शब्द ‘मेटानोइया’. त्याचा अर्थ मन पालटणे. हिब्रूतल्या शब्दाचा मूळ अर्थ तर सरळ ‘मागे वळणे’. म्हणजे वाईट वाटणे ही सुरुवात झाली. दिशा बदलली का, हा खरा प्रश्न.

बायबलमध्येच याची उदाहरणे आहेत. जक्कय नावाचा जकातदारांचा प्रमुख येशूला घरी घेतो, तेव्हा तो फक्त रडत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करण्याचे जाहीर करतो. योसेफाची गोष्ट आणखी बोलकी आहे. सावत्र भावांनी त्याला विकले होते. वर्षांनी ते दुष्काळात धान्य मागायला मिसरात आले, तेव्हा त्याने लगेच ओळख दिली नाही. सर्वांत धाकट्या बन्यामीनाला अडकवण्याचा बनाव करून त्याने पाहिले की, पूर्वी एका भावाला टाकून देणारे हे लोक आता दुसऱ्यालाही टाकून जातात का. यहूदा ‘त्याच्याऐवजी मला ठेवा’ म्हणून पुढे आला, तेव्हाच योसेफाचा बांध फुटला. माणूस बदलला आहे की नाही हे पाहणे म्हणजे क्षमा नाकारणे नव्हे, हे या गोष्टीतून कळते.

प्रेषित पौलाचे फिलेमोनाला लिहिलेले छोटे पत्रही याच विषयाचे. अनेसिम नावाचा दास मालकापासून दुरावतो, पुढे पौलाच्या सहवासात ख्रिस्ती होतो. पौल त्याला मालकाकडे परत पाठवताना ‘याला भाऊ म्हणून स्वीकार’ अशी विनंती करतो. त्याच वेळी, त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या खात्यावर मांड, असेही लिहून देतो. मध्यस्थाने फक्त गोड बोलायचे नसते, नुकसानीचा भारही थोडा उचलायचा असतो.

कॅथलिक चर्चच्या प्रायश्चित्त संस्कारातही हाच क्रम आहे : मनापासूनचा खेद, पापांची कबुली आणि मग भरपाईची कृती. चोरी केली असेल तर वस्तू परत करणे त्यात येते. प्रोटेस्टंट मंडळ्यांत असा संस्कार नसला, तरी प्रभुभोजनापूर्वी स्वतःला तपासण्याची आणि ज्याच्याशी बिनसले आहे त्याच्याशी समेट करण्याची शिकवण आहे.

क्षमा केली म्हणजे एकाच छपराखाली राहायचे?

नाही. याकोब आणि एसाव या जुळ्या भावांची कथा यासाठी वाचावी. याकोबाने फसवून थोरल्याचा आशीर्वाद लाटला आणि जिवाच्या भीतीने पळाला. वीस वर्षांनी तो परतला, तेव्हा त्याने आधी शेकडो जनावरांची भेट पुढे पाठवली. एसाव मात्र धावत आला, गळ्यात पडला, दोघे रडले. समेट पूर्ण झाला. पण त्यानंतर एसाव आपल्या मुलखात गेला आणि याकोबाने आपला तळ दुसरीकडे टाकला. पुढे बापाच्या अंत्यविधीला दोघे एकत्र आले. भांडण मिटले, भेटीगाठी राहिल्या, चुली मात्र वेगळ्या.

येशूने पेत्राला सात वेळा नव्हे, तर मोजदाद सुटेल इतक्या वेळा क्षमा करायला सांगितले, हे सर्वांना ठाऊक असते. मत्तयाच्या त्याच अठराव्या अध्यायात, त्याच्या थोडे आधी, अपराध करणाऱ्या भावाशी कसे वागायचे याची पद्धतही आहे : आधी एकट्याने जाऊन त्याची चूक त्याला सांगा, ऐकले नाही तर दोघातिघांना सोबत न्या, तरीही नाही तर मंडळीपुढे मांडा. म्हणजे क्षमेच्या शिकवणीला चूक स्पष्ट सांगण्याची जोड आहे. ‘झाले गेले विसरा’ एवढ्यावर ती थांबत नाही.

विश्वास परत यायला वेळ लागतो, हे अन्य परंपरांनाही ठाऊक आहे. महायान बौद्धांच्या ‘सद्धर्मपुंडरीक’ सूत्रातही हरवलेल्या मुलाची कथा आहे. तिथला बाप मुलाला ओळखतो, पण मुलगा श्रीमंतीला बिचकून पळतो. बाप त्याला आधी उकिरडा साफ करण्याच्या कामावर ठेवतो, वीस वर्षे हळूहळू जवळ आणतो, जबाबदारी देतो आणि शेवटी सर्वांसमोर आपला मुलगा म्हणून जाहीर करतो. लूकमधला बाप आधी मिठी मारतो, इथला बाप आधी काम देतो. वऱ्हाडातल्या एखाद्या घराला या दोन्हींची गरज पडू शकते.

मराठी घरात असे घडले आहे का?

तुटलेले ख्रिस्ती घर पुन्हा सांधल्याचे मराठीतले सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक. त्याची सुरुवातही विदर्भाच्या लोहमार्गावर झाली. धामणगावहून पूर्वेला जाणारी गाडी नागपूरमार्गे पुढे राजनांदगावला पोचते. १८९३ मध्ये नोकरीच्या शोधात नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या टिळकांना गाडीत अर्नेस्ट वॉर्ड हे मिशनरी भेटले. वॉर्ड फ्री मेथडिस्ट, म्हणजे पुढे यवतमाळात काम उभारणाऱ्या त्याच मिशनचे. त्यांनी टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंसाठी हा आघात होता. नवरा जिवंत, पण घर गेले. लहानगा दत्तू पदरात आणि लोकांची बोलणी. त्या काळच्या ब्राह्मण समाजात धर्म बदललेल्या नवऱ्याकडे परत जाणे म्हणजे आपल्या माणसांना कायमचे मुकणे होते. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. मग हळूहळू, मुलासह नगरला टिळकांकडे आल्या. पण आल्या त्या स्वतःच्या अटींवर. सोवळे-ओवळे, स्वयंपाक-पाणी त्यांनी आपल्यापुरते वेगळे ठेवले आणि टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. पुढे जातिभेदाबद्दलचे त्यांचे स्वतःचे मत बदलत गेले आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

हे उदाहरण दाखल्याशी तंतोतंत जुळत नाही, हे सांगायला हवे. टिळकांना धर्मांतराचा पश्चात्ताप झाला नव्हता आणि ते मनाविरुद्ध घरी परतलेही नाहीत. इथे रागावलेली व्यक्तीच चालत गेली. पण राग कसा उतरतो, याचा अभ्यास करायचा तर लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’इतके प्रामाणिक पुस्तक मराठीत क्वचित सापडेल. नवऱ्याचा तापटपणा, विसराळूपणा, न सांगता निघून जाणे, हे काहीही त्यांनी लपवले नाही. तरीही पुस्तकभर एक हसू आहे. रागाची कारणे न पुसताही माणसाला पुन्हा आपले मानता येते, हे त्यातून दिसते. टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीच हाती घेऊन पुढे नेले.

दोघांच्या वागण्यात आजच्या घरांसाठीही एक सूत्र आहे. एकाने घाई केली नाही आणि दुसरीने दार कायमचे लावले नाही. मधल्या काळातली वेगळी चूल कुणी अपमान मानली नाही.

रक्ताचे नाते नसतानाही?

शेजारच्या मध्य प्रदेशातली एक घटना याहून पुढची आहे. केरळमधल्या पुल्लुवळी गावच्या सिस्टर राणी मारिया या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या धर्मभगिनी देवास जिल्ह्यात उदयनगर परिसरात गरीब शेतमजुरांसाठी काम करत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी प्रवासात समुंदर सिंग या तरुणाने त्यांची चाकूने हत्या केली. स्थानिक धनदांडग्यांच्या चिथावणीवरून हे कृत्य घडले होते. त्याला जन्मठेप झाली.

राणी मारिया यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, याही धर्मभगिनी. त्यांनी २००२ मध्ये राखीच्या सणाला इंदूरच्या तुरुंगात जाऊन समुंदर सिंगला राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी विनंती केली आणि २००६ मध्ये तो सुटला. पुढे तो केरळला त्यांच्या घरी गेला, तेव्हा राणी मारिया यांच्या आईने त्याचे हात हातात घेऊन चुंबले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारिया यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले.

इथेही क्रम पाहण्यासारखा आहे. हत्या आणि राखी यांच्यामध्ये सात वर्षे गेली. शिक्षा सुनावली गेली आणि भोगली गेली. पश्चात्ताप त्याच काळात झाला. कायदा बाजूला सारून क्षमा झाली नाही. आणि नाते जोडताना या कुटुंबाने चर्चचा विधी शोधला नाही, आपल्याच मातीतला राखीचा धागा वापरला.

वाटणीचे काय? कायदा काय सांगतो?

घरातली कुरबूर बहुधा इथे येऊन थांबते. ‘त्याने त्याचा वाटा आधीच उडवला, आता परत हिस्सा मागणार’ ही मागे राहिलेल्यांची भीती. ती निराधार नाही.

ख्रिस्ती कुटुंबांना वारसाहक्कासाठी सर्वसाधारणपणे भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. वडील हयात असताना त्यांच्या मालमत्तेत मुलांचा जन्मतः हिस्सा नसतो. वडील मृत्युपत्र न करता गेले आणि मागे पत्नी व मुले असतील, तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलामुलींना समान मिळते. मुलगा-मुलगी असा भेद नाही. घर सोडून गेला म्हणून कुणाचा हक्क जात नाही.

महत्त्वाचे कलम आहे ४९ वे. वडिलांनी हयातीत एखाद्या मुलाला पैसे किंवा मालमत्ता दिली असेल, तर मृत्युपत्र नसताना होणाऱ्या वाटणीत ती वजा धरली जात नाही. म्हणजे दाखल्यातल्यासारखा धाकट्याने आधी वाटा नेला असला, तरी वडिलांच्या पश्चात तो पुन्हा समान हिस्सेदार ठरतो. थोरल्याला हे अन्यायाचे वाटू शकते.

यावर उपाय एकच : वडिलांनी किंवा आईने वेळेत, शांतपणे, दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करावे आणि कुणाला आधी काय दिले हे त्यात लिहावे. मुलगा परत आला या आनंदाच्या भरात घर किंवा वावर बक्षीसपत्राने नावावर करून देण्याची घाई टाळावी. तसे करायचेच असेल, तर सांभाळ करण्याची अट दस्तात स्पष्ट लिहावी. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यानुसार अशी अट मोडल्यास तो व्यवहार रद्द करून मागता येतो. प्रत्येक घराची कागदपत्रे वेगळी असतात, म्हणून वकिलाचा सल्ला घ्यावा. हिशेब कागदावर आला की मनातला हिशेब थोडा हलका होतो.

क्षमेचा आग्रह कधी धोक्याचा ठरतो?

परतणारा मारहाण करणारा नवरा असेल किंवा मुलांना त्रास देणारा नातेवाईक असेल, तर ‘ख्रिस्ती आहेस, क्षमा कर’ असे म्हणून त्याला घरात घुसवणे हा त्या बाईवर आणि मुलांवर दुसरा अन्याय आहे. वर पाहिल्याप्रमाणे शुभवर्तमानातली पद्धतही चूक स्पष्ट मांडायला आणि मंडळीपुढे आणायला सांगते. मनात सूड न ठेवणे आणि घराची किल्ली हातात देणे यांत फरक आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. मदतीसाठी १८१ हा महिला हेल्पलाइन क्रमांक आहे. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा निःशुल्क क्रमांक आहे. दारू सोडल्याचे तोंडाने सांगणे आणि उपचार घेणे यांतला फरकही घरच्यांनी धरून चालावा.

याच्या उलट टोकही आहे. करिंथ येथील मंडळीला लिहिताना पौल सांगतो की, चुकलेल्याला पुरेशी शिक्षा झाली आहे. आता त्याला क्षमा करून धीर द्या, नाहीतर तो अतिदुःखाने खचून जाईल. शिक्षेलाही शेवट असावा लागतो. वर्षानुवर्षे प्रत्येक सणाला जुनी चूक उकरून काढली, तर बदललेला माणूसही पुन्हा जुन्या वाटेला लागू शकतो.

मग घरात काय करता येईल?

पाळक, फादर किंवा घरातल्या जाणत्या माणसाला मध्ये घेऊन काही गोष्टी क्रमाने करता येतात.

पहिली, मागे राहिलेल्याला आधी विचारा. आई-वडिलांना दार उघडायचे असेल तर ते उघडावे, पण थोरल्या भावाला, वहिनीला किंवा म्हाताऱ्यांचे करणाऱ्या बहिणीला ही बातमी शेजाऱ्याकडून कळू नये. 

दुसरी, त्यांच्या कष्टाची दखल सर्वांसमोर घ्या. परतलेल्याचे स्वागत आणि राबलेल्याचे आभार एकाच पंगतीत होऊ शकतात. थोरल्याला हवे असलेले बकरीचे पिल्लू हे मटणासाठी नव्हते, ‘तुझ्याही कष्टाची किंमत आहे’ हे ऐकण्यासाठी होते.

तिसरी, परतलेल्याने काय भरून द्यायचे ते ठरवा. सारे कर्ज फेडणे जमणार नाही, पण दरमहा काही रक्कम, वडिलांना दवाखान्यात नेण्याची जबाबदारी, वावरातले एक काम त्याला घेता येईल. धाकटा मुलगा स्वतःच मजुरी करायची तयारी ठेवून आला होता, हे विसरू नये.

चौथी, राग आलेल्याला वेळ द्या. ‘अजून मन होत नाही’ असे म्हणणारी बहीण वाईट ख्रिस्ती ठरत नाही. तिने इतकेच पाहावे की दार आतून कायमचे बंद होत नाही ना.

कॅथलिक चर्चमध्ये दर तीन वर्षांनी, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातल्या चौथ्या रविवारी हाच दाखला वाचला जातो. २०२५ मध्येही तो वाचला गेला. ऐकताना एक गोष्ट मात्र सहज निसटते. येशूने या गोष्टीचा शेवट सांगितलेला नाही. धाकटा आत आहे, पंगत बसली आहे, बाप अंगणात उभा आहे. थोरला आत गेला की नाही, हे लूक लिहीत नाही. त्याच्या उत्तरासाठी जागा मोकळी सोडली आहे. ज्या घरात आज कुणी परत आले आहे, त्या घरातल्या थोरल्यालाही तेवढी जागा आणि तेवढा वेळ मिळायला हवा. बापाने मात्र तोवर अंगणातून हलू नये.